प्रोसेसरचा हाताने केलेला ओव्हरक्लॉक टिकत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, आणि गुणक म्हणजे बायोसमधला (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधला) तो वेग ठरवणारा आकडा. ही उत्तरं गुणक खुला असलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी आहेत: झेड चिपसेटच्या मदरबोर्डवरचे इंटेलचे के आणि केएफ, तसंच बी किंवा एक्स चिपसेटवरचे एएमडी रायझन. तापमान, दमटपणा आणि विजेबद्दल जे लिहिलंय ते मुंबईतल्या घरांना धरून आहे.

विंडोज सुरू होतं, गेमही चालतात. मग ओव्हरक्लॉक स्थिर झाला असं समजायचं का?

नाही. बहुतेक गेम सगळ्या कोअरवर एकाच वेळी पूर्ण भार टाकत नाहीत, त्यामुळे गेम तीन तास चालला यावरून फार काही सिद्ध होत नाही. ब्लू स्क्रीन, अचानक रिस्टार्ट आणि हँग ही उघड लक्षणं आहेत. त्यांच्या आधी दिसणारी बारीक लक्षणं लोक विंडोजवर किंवा गेमवर ढकलतात: गेम कुठलाही संदेश न देता डेस्कटॉपवर येतो, ब्राउझरचा टॅब मधूनच कोसळतो, मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर येते, व्हिडिओ एन्कोड होता होता थांबतो.

सर्वांत घातक प्रकार यांपैकी एकही लक्षण दाखवत नाही. प्रोसेसर गणित चुकतो, ते चुकलेलं उत्तर डिस्कवर लिहिलं जातं आणि महिन्याभराने फोटो किंवा टॅलीचा डेटा उघडत नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी बॅकअप घ्या, आणि तो त्याच संगणकातल्या दुसऱ्या ड्राइव्हवर नको, बाहेरच्या डिस्कवर. चाचण्यांच्या काळात एखाद्या जुन्या छोट्या एसएसडीवर वेगळी विंडोज टाकून तीच वापरली तर उत्तम. मुख्य ड्राइव्हची केबल तेवढे दिवस काढून ठेवता येते.

शोध कुठून सुरू करायचा?

डिफॉल्टपासून. बायोसमध्ये ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ करा, एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला पाकिटावरचा जास्त वेग देणारं सेटिंग) बंद ठेवा आणि तासभर चाचणी चालवा. कुठली चाचणी ते पुढे आहे. डिफॉल्टवरही चूक आली तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही. रॅम, पॉवर सप्लाय, कूलरची बसवणूक किंवा खुद्द प्रोसेसर, यांच्याकडे वळा.

इथे एक खाचखळगा आहे. अनेक मदरबोर्ड ‘ऑटो’ या नावाखाली इंटेलच्या वीजमर्यादा काढून टाकतात आणि सगळे कोअर जास्तीत जास्त वेगाने पळवतात. या सोयीला बोर्डागणिक वेगळं नाव असतं, ‘मल्टीकोअर एन्हान्समेंट’ हे त्यातलं जुनं. पायाभूत चाचणीसाठी ती बंद करा, नव्या बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा.

पाया पक्का झाला की क्रम असा ठेवा: आधी कोअर, रॅम मूळ वेगावरच. मग रॅम, कोअर डिफॉल्टवर आणून. मग दोन्ही एकत्र. सर्वांत शेवटी इंटेलवर रिंग म्हणजे कॅशचा वेग, रायझनवर एफक्लॉक म्हणजे प्रोसेसरचे भाग आतून जोडणाऱ्या दुव्याचा वेग. एका वेळी एकच आकडा बदला. वहीत गुणक, दिलेलं व्होल्टेज, भाराखालचं व्होल्टेज, कमाल तापमान, चाचणीचं नाव आणि किती मिनिटांनी चूक आली हे लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण या सगळ्या कामात ही वही जितकी उपयोगी पडते तितकं कुठलंही सॉफ्टवेअर पडत नाही. तिच्याशिवाय चौथ्या दिवशी कुठला बदल कशामुळे केला होता हेच आठवत नाही.

सेटिंग सेव्ह केलं आणि आता पडद्यावर काहीच येत नाही.

घाबरू नका. बरेच बोर्ड सलग काही वेळा अपयशी सुरुवात झाली की आपोआप सुरक्षित सेटिंगवर परत येतात. तसं झालं नाही तर पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि बोर्डवरच्या सीमॉस पिना (बायोसचं सेटिंग पुसणाऱ्या) स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पाच-दहा सेकंद जोडा. असुसच्या बोर्डवर या पिनांजवळ ‘सीएलआरटीसी’, एमएसआयवर ‘जेबॅट१’, गिगाबाइटवर ‘सीएलआर सीमॉस’ असं छापलेलं असतं. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा. तो बहुधा ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो.

दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. डीडीआर५ रॅमच्या एएम५ (रायझन ७००० आणि पुढच्या) संगणकात रॅमचं सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, त्या वेळी प्लग ओढू नका. दुसरं, विंडोजमध्ये बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर सीमॉस साफ केल्यावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी कागदावर उतरवून ठेवा.

बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतील तर कुठला अडकला ते पाहा. डीरॅमचा दिवा अडकला असेल तर कोअरचं व्होल्टेज वाढवत बसण्यात अर्थ नाही.

कुठलं लक्षण कशाकडे बोट दाखवतं?

चूक किती वेळाने येते, यावरून बरंच कळतं. चाचणी सुरू करताच मिनिटभरात संगणक पडला तर कोअरला भाराखाली मिळणारं व्होल्टेज बरंच कमी आहे. वीस-तीस मिनिटं नीट चालून मग पडला तर उष्णतेचा संशय घ्या. प्रोसेसरचं तापमान ठीक दिसत असेल तर बोर्डवरच्या व्हीआरएमचं, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं पाहा. स्वस्त बोर्डवर त्या भागाला हीटसिंकच नसतो, आणि टॉवर कूलर लावल्यावर त्याला वाराही लागत नाही.

प्राइम९५ या ताणचाचणीत बाकीचे वर्कर (एकेका कोअरवरची कामं) चालू राहून एकच थांबला, ‘राउंडिंग वॉज ०.५’ असा संदेश देऊन, तर तेवढा एक कोअर कच्चा आहे. त्यातली ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी तासभर पार पडते पण ‘ब्लेंड’ किंवा ‘लार्ज’ पडते, तर रॅम किंवा मेमरी कंट्रोलर. कुणी प्लग ओढावा तसा संगणक एकदम बंद झाला, ब्लू स्क्रीनही आली नाही, तर पॉवर सप्लायने स्वतःला वाचवलं किंवा तापमानाची शेवटची मर्यादा ओलांडली गेली.

ब्लू स्क्रीनवरच्या नावांचंही असंच आहे. ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ म्हणजे एखाद्या कोअरने वेळेत उत्तर दिलं नाही, बहुधा व्होल्टेज कमी. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे हार्डवेअरनेच चूक नोंदवली: कोअर, कॅश किंवा एफक्लॉक. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आणि ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ दिसलं तर आधी रॅम तपासा. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ ड्रायव्हरमुळेही येतं, त्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. ही नावं निदान नव्हेत. एकच नाव पुन्हा पुन्हा आलं तर मात्र ते गांभीर्याने घ्या.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेमकं काय शोधायचं?

‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टिम’ उघडा. ‘कर्नल-पॉवर ४१’ पाहून अनेकजण पॉवर सप्लाय बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण त्यात नसतं.

खरी माहिती ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदींत असते. क्रमांक १८ म्हणजे न सावरता आलेली चूक आणि १९ म्हणजे हार्डवेअरने सावरून घेतलेली. १९ च्या नोंदी आल्या तरी संगणक चालू राहतो, म्हणून त्या दुर्लक्षित होतात. पण त्या आल्या म्हणजे तुम्ही काठावर आहात. रायझनवर १९ सोबत ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ दिसत असेल तर एफक्लॉक एक पायरी खाली आणा, कोअरला हात लावू नका.

१८ च्या नोंदीत ‘प्रोसेसर एपिक आयडी’ असतो. आठ कोअरच्या, एसएमटी (एका कोअरवर एकदम दोन कामं) चालू असलेल्या रायझनमध्ये हे आयडी ० ते १५ असतात, प्रत्येक कोअरचे दोन. आयडी १० किंवा ११ आला तर शून्यापासून मोजून ५ क्रमांकाचा कोअर. कर्व्ह ऑप्टिमायझर (एकेका कोअरचं व्होल्टेज वेगवेगळं कमी करणारी रायझनची सोय) वापरणाऱ्यांना हे फार कामाचं आहे, कारण सगळ्या कोअरची सूट कमी करण्याऐवजी त्या एकाचीच करता येते. एचडब्ल्यूइन्फो६४ या तापमान-व्होल्टेज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेन्सर यादीत अगदी तळाशी याच चुकांचा काउंटर असतो. चाचणीनंतर तो शून्यच हवा.

व्होल्टेज किती वाढवायचं, आणि कुठे थांबायचं?

गुणकाची एक पायरी म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. व्होल्टेजची पायरी ०.०१ ते ०.०२ व्होल्टपेक्षा मोठी नको. चूक आली की एक पायरी वाढवा, पुन्हा चाचणी.

वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे विसरल्यामुळेच बहुतेक गणितं बिघडतात. १.२५ व्होल्टचे १.३५ केले तर नुसत्या व्होल्टेजमुळे खर्च साधारण १७ टक्के वाढतो. त्यासोबत वेग ४.८ वरून ५.० गिगाहर्ट्झ केला तर एकूण वाढ २१ टक्क्यांच्या घरात जाते. वेग मात्र चारच टक्के वाढलेला असतो. कूलरला २०० वॉटऐवजी २४२ वॉट उपसावे लागतात, तापमान चढतं आणि तापलेल्या सिलिकॉनला त्याच वेगासाठी आणखी व्होल्टेज लागतं. पुढच्या १०० मेगाहर्ट्झसाठी ०.०५ व्होल्टही पुरे पडत नसेल तर तुमच्या चिपची भिंत आली. एक पायरी मागे या आणि तिथेच राहा.

कायम दिलेल्या व्होल्टेजसाठी रूढ मर्यादा, उत्पादकाने दिलेल्या नव्हेत: रायझन ५००० मालिकेत पूर्ण भाराखाली सुमारे १.३० व्होल्टच्या आत, इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीत भाराखाली १.३० ते १.३५. इंटेलमध्ये बहुधा त्याआधीच तापमान अडवतं. ‘पण डिफॉल्टवर माझा रायझन १.४५ दाखवतो’ असा प्रश्न हमखास येतो. तो आकडा एखाददुसऱ्या कोअरवर, क्षणभर, हलक्या भारात असतो. तेवढंच व्होल्टेज सगळ्या कोअरना कायम देणं वेगळं आणि धोक्याचं.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (एलएलसी) कुठल्या पातळीवर ठेवू?

भार आला की कोअरचं व्होल्टेज ठरवूनच थोडं पडू दिलेलं असतं. लोड-लाइन १.१ मिलिओहम असेल आणि प्रोसेसर १५० अँपिअर ओढत असेल तर पड ०.१६५ व्होल्ट. बायोसमध्ये १.३० लिहिलंत तरी कोअरला १.१३५ च मिळणार, आणि तुम्ही म्हणणार की १.३० सुद्धा पुरत नाही. तीच लाइन ०.५ मिलिओहम केली तर पड ०.०७५ वर येते.

म्हणून पड थोडी कमी करायची. ती शून्यावर आणण्याचा मोह मात्र टाळा. भार अचानक आला-गेला की व्होल्टेज क्षणभर खाली-वर उसळतं. लाइन सपाट केली की भार सुटताना ते ठरवलेल्या आकड्याच्याही वर जातं, आणि भार येताना क्षणभर जो खड्डा पडतो त्यातून सावरायला नियंत्रकाला वेळ लागतो. परिणाम विचित्र दिसतो: सलग भारात संगणक ठणठणीत, चाचणी सुरू करताना किंवा थांबवताना मात्र पडतो. असं होत असेल तर एलएलसी एक-दोन पायऱ्या सैल करा आणि मूळ व्होल्टेज किंचित वाढवा.

पातळ्यांची नावं फसवी आहेत. असुसवर लेव्हल १ सर्वांत सैल आणि ८ सर्वांत कडक. एमएसआयवर मोड १ सर्वांत कडक, मोड ८ सैल. एएसरॉकवरही १ कडक आणि ५ सैल. गिगाबाइटवर ‘मीडियम’, ‘हाय’, ‘टर्बो’ अशी नावं. ‘लेव्हल ६ ठेव’ असा सल्ला कुणी दिला तर आधी बोर्ड कुठला ते विचारा. मधल्या पायरीपासून सुरुवात करणं बरं.

सॉफ्टवेअर दाखवतं ते व्होल्टेज खरं असतं का?

‘व्हीआयडी’ म्हणजे प्रोसेसरने मागितलेलं व्होल्टेज, मिळालेलं नव्हे. ‘व्हीकोअर’ बोर्डवरची चिप मोजते आणि काही बोर्डवर ती सॉकेटच्या मागून मोजते, त्यामुळे भाराखाली आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. रायझन ५००० पर्यंत एचडब्ल्यूइन्फोमधलं ‘एसव्हीआय२ टीएफएन’ वाचन जास्त भरवशाचं. दोन बोर्डवरचे व्होल्टेजचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

जानेवारीत सगळं नीट होतं. एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी संगणक पडतो.

कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त दोघांतलं अंतर राखतो. एसी लावून २४ अंशांच्या खोलीत चाचणी केली आणि कमाल ८५ आलं, तर अंतर ६१. मे महिन्यात दुपारी वीज गेली-आली, एसी बंद राहिला आणि खोली ३४ वर गेली की तोच भार ९५ वर पोचतो, तापलेल्या चिपमधून वाया जाणाऱ्या विजेमुळे थोडा वरच. रायझन ५००० ची मर्यादा बहुतेक मॉडेलांत ९० अंश, ७००० ची ९५, इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीत १००. म्हणजे हिवाळ्यातली ‘सुरक्षित’ सेटिंग उन्हाळ्यात थेट मर्यादेला भिडते.

उपाय सोपा आहे, पण मन घट्ट करावं लागतं: चाचणी एसी बंद ठेवून, दुपारी दोन-तीनच्या सुमारास, खिडक्या नेहमी असतील तशा ठेवून करा. एसीतच करायची असेल तर मर्यादेच्या खाली किमान १२ अंश राखून ठेवा. मुंबईत जो ओव्हरक्लॉक मेच्या दुपारी टिकत नाही तो स्थिर नाही.

मग हवा. इथल्या घरांत जागेअभावी कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटून असतो. बाजूचं झाकण काढून दहा मिनिटं चाचणी करा. तापमान पाच अंशांहून जास्त उतरलं तर कूलर बदलण्याआधी कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा आणि मागे किमान १५ सेंटिमीटर जागा सोडा. रस्त्याकडच्या खिडकीतून येणारी धूळ दमट हवेत पंख्यांना आणि हीटसिंकच्या पात्यांना चिकटून बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही. मऊ ब्रशने सुटी करून मग ब्लोअर मारा, पंखा बोटाने धरून ठेवून. वॉटर कूलर असेल तर पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा खाली हवा, नाहीतर हवा पंपात साठते.

एक कोअर इतरांपेक्षा १५-२० अंश जास्त दाखवत असेल तर पेस्ट नीट पसरलेली नाही किंवा कूलरचे स्क्रू असमान कसलेत. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे फिरवत आवळा.

भार असताना ठीक, नुसता ठेवला की हँग होतो. असं कसं?

कर्व्ह ऑप्टिमायझर किंवा उणे ऑफसेट वापरलं की हे सर्रास होतं. हलक्या भारात एक-दोन कोअर सर्वांत वरच्या वेगाला उडी मारतात आणि तिथे कमी केलेलं व्होल्टेज अपुरं पडतं. प्राइम९५ ने सगळे कोअर एकदम दाबले तर वेग खालीच राहतो, म्हणून ही चूक त्यात सापडत नाही. कोअरसायकलर हे मोफत साधन एकेका कोअरवर पाळीपाळीने भार टाकतं, ते रात्रभर चालवा. जो कोअर पडेल त्याची उणे संख्या तीन-पाचने शून्याकडे आणा. बोर्डने ‘प्रेफर्ड’ ठरवलेले कोअर बहुधा सर्वांत कमी सूट सहन करतात.

रायझनवर तरीही राहिलं तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हे ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवून पाहा. काही जुने पॉवर सप्लाय अगदी कमी प्रवाहात नीट चालत नाहीत.

पडत नाही, पण वेग वाढवून वेगचाचणीत गुण मात्र कमी आले.

तीन शक्यता. तापमानामुळे थ्रॉटल (वेग आपोआप उतरणं), वीजमर्यादेमुळे थ्रॉटल किंवा क्लॉक स्ट्रेचिंग. पहिल्या दोन एचडब्ल्यूइन्फो सरळ ‘येस’ लिहून सांगतं. तिसरी रायझनवर लपून राहते: व्होल्टेज अपुरं पडलं की प्रोसेसर कोसळण्याऐवजी ठोका लांबवतो आणि दाखवलेला वेग तसाच राहतो. ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ची ओळ पाहा. पूर्ण भारात ती दाखवलेल्या वेगापेक्षा ५०-१०० मेगाहर्ट्झहून जास्त खाली असेल तर ओव्हरक्लॉक कागदावरचाच आहे. म्हणून प्रत्येक बदलानंतर सिनेबेंच या वेगचाचणीचे गुणही वहीत लिहा.

कुठली चाचणी, किती वेळ?

सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटं ही चाळणी, पुरावा नव्हे. ती पार झाली की प्राइम९५ स्मॉल एफएफटी एक तास, आधी एव्हीएक्स (एकदम बरीच गणितं करणाऱ्या जड आज्ञा) बंद करून, मग चालू करून. एव्हीएक्सने तापमान इतकं चढतं की पहिली पाच मिनिटं समोर बसून राहा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ चे चार फेरे पेन ड्राइव्हवरून, विंडोजच्या बाहेर. मग वाय-क्रंचर दोन तास, तो कोअर आणि रॅम दोघांना एकत्र पिळतो आणि इतर चाचण्यांतून सुटलेल्या चुका पकडतो. शेवटी तुमचं रोजचं काम: ब्लेंडरचं रेंडर, कोड कंपाइल, जे असेल ते.

‘मी कधी एव्हीएक्सचं काम करणारच नाही, मग ती चाचणी कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की व्हिडिओ एन्कोडर आणि अनेक गेम त्या आज्ञा वापरतात. इंटेलवर एव्हीएक्स ऑफसेट देऊन तेवढ्या कामापुरता गुणक एक-दोनने उतरवता येतो, ही रास्त तडजोड आहे.

एक्सएमपी तर कंपनीनेच दिलेलं असतं. ते दोषी कसं असेल?

एक्सएमपी आणि एक्स्पो हेही ओव्हरक्लॉकच. पाकिटावर ६००० लिहिलेलं असलं तरी ती हमी रॅमच्या चिपची. तुमच्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर आणि बोर्ड तो वेग पेलतीलच असं नाही. दोनच्या जागी चार पट्ट्या लावल्या तर ताण फार वाढतो. रायझन ७००० मध्ये चार डीडीआर५ पट्ट्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० आहे. दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले संच एकत्र करणं हे तर दुखणं विकत घेणं.

व्होल्टेज वाढवताना रायझन ७००० वर एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) १.३० च्या वर नेऊ नका. २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने बायोसमधूनच ही मर्यादा घातली. त्याआधीचा बायोस असेल तर ओव्हरक्लॉकच्या आधी अपडेट.

पॉवर सप्लाय, यूपीएस आणि घरातली वायरिंग यांचा कितपत संबंध?

१२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४० ते १२.६०. मल्टिमीटरने भाराखाली मोजा, सॉफ्टवेअरचा आकडा सोडून द्या. बोर्डवर प्रोसेसरसाठी आठ पिनांचे दोन सॉकेट असतील तर जास्त भाराच्या प्रोसेसरला दोन्ही जोडा. दुसऱ्या मॉडेलच्या पॉवर सप्लायची मोड्युलर केबल कधीही लावू नका. पिनांची मांडणी वेगळी असते आणि बोर्ड जळतो.

घरोघरी असणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॉट. २५० वॉटचा प्रोसेसर आणि ३०० वॉटचं ग्राफिक्स कार्ड त्यावर एकदम धावले की तो किंचाळून बंद पडतो आणि दोष ओव्हरक्लॉकवर येतो. चाचणीपुरता थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून पाहा. नकली साइन वेव्हचे यूपीएस अॅक्टिव्ह पीएफसीच्या पॉवर सप्लायसोबत बॅटरीवर जाताना कधी कधी संगणक पाडतात. पुरवठा बेस्टचा असो, अदानीचा, टाटाचा की महावितरणचा, हा प्रश्न सारखाच.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या इमारतींत आणि चाळींत तीन पिनांचा पॉइंट असूनही मागे अर्थची तार नसते. याने ओव्हरक्लॉक पडेलच असं नाही, पण ते आधी परवानाधारक वायरमनकडून दुरुस्त करून घ्या. उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालायचाय.

पावसाळ्यात वेगळी काय काळजी?

जुलैत बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के दमटपणा असला तर दवबिंदू २७ च्या आसपास असतो. रात्रभर २३ वर एसी चालला, संगणक बंद होता, सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली, की त्या थंड धातूवर पाणी धरू शकतं. खोली सामान्य होईपर्यंत अर्धा-पाऊण तास संगणक सुरू करू नका. पेल्टिअर किंवा चिलर लावून पाणी खोलीच्या तापमानाखाली नेण्याचे प्रयोग मुंबईत पावसाळ्यात करूच नयेत.

समुद्राजवळच्या घरांत रॅमच्या आणि केबलच्या टोकांवर काळपट थर येतो. कुठलंही कारण नसताना रॅमच्या चुका येऊ लागल्या तर पट्ट्या काढून सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा बसवा. अनेकदा एवढ्यानेच भागतं.

माझा इंटेल १३ वा/१४ वा डिफॉल्टवरही पडतो.

या दोन पिढ्यांच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन चिप कायमची कमकुवत होण्याचा दोष इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘१२९’ आणि सप्टेंबरमध्ये ‘१२बी’ हा मायक्रोकोड आला, २०२५ मध्ये ‘१२एफ’. तो बायोस अपडेटमधून मिळतो. अपडेटने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. गेम सुरू होताना, शेडर तयार होत असताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा चुकीचा संदेश येणं ही त्याची ओळखीची खूण. अशा चिपला जास्त व्होल्टेज देऊन चालवत ठेवू नका. बॉक्समधल्या या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून पाच केली आहे. बदलून घ्या.

वर्षभर चाललेली सेटिंग आता टिकत नाही. चिप खराब झाली?

आधी धूळ, सुकलेली पेस्ट, थकलेला पंप, नवा बायोस आणि नवीन ड्रायव्हर वगळा. हे सगळं ठीक असून त्याच तापमानाला आता ०.०२-०.०३ व्होल्ट जास्त लागत असेल तर झीज झाली आहे. जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह आणि उष्णता एकत्र आल्या की ती लवकर होते. व्होल्टेज वाढवून तोच वेग धरून ठेवला तर झीज आणखी पळते. २०० मेगाहर्ट्झ खाली या. आणि हो, ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान इंटेल किंवा एएमडी, दोघांच्याही नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही.

बी७६० बोर्डवर के प्रोसेसर आहे. गुणक वाढत नाही.

वाढणार नाही. इंटेलच्या बी बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, कोअरचा गुणक नाही. एएमडीवर ए५२० ला ही सोय नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचा गुणक कुलूपबंद आहे, ९८००एक्स३डी चा खुला.

सगळे कोअर एकाच वेगाला बांधणं आता फायद्याचं आहे का?

बहुतेकांसाठी नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. रायझन ९ ५९५०एक्स चा एका कोअरचा बूस्ट ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. सगळे कोअर ४.५ ला बांधले तर रेंडर थोडा लवकर होईल, गेम आणि रोजची कामं मंदावतील. दिवसरात्र रेंडर किंवा सिम्युलेशन चालत असेल तर बांधा. बाकीच्यांनी रायझनवर पीबीओ (बूस्टच्या मर्यादा आपोआप वाढवणारी सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर, इंटेलवर अॅडॅप्टिव्ह व्होल्टेज आणि थोडं अंडरव्होल्ट, एवढ्यावर थांबावं.

लॅमिंग्टन रोडला दाखवायला न्यायचाय. काय तयारी करू?

नेण्याआधी बायोस डिफॉल्टवर आणा आणि डिफॉल्टवर दोष येतो की नाही ते पक्कं करा. दुकानात ती पहिली गोष्ट विचारली जाईल. चाचण्यांची वही सोबत घ्या, सुट्या भागांच्या सिरीयल क्रमांकांचे फोटो काढा, डेटाचा ड्राइव्ह घरीच ठेवा. ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळा. मोठा टॉवर कूलर असेल तर कॅबिनेट आडवा, मदरबोर्ड खाली आणि कूलर उभा राहील असा टॅक्सीच्या सीटवर ठेवा. उभा नेला तर खड्ड्यांत किलोभराचा कूलर बोर्डला ओढत राहतो. शक्य असेल तर दुकानात आधी दुसरा पॉवर सप्लाय आणि रॅमची दुसरी जोडी लावून पाहायला सांगा. प्रोसेसर बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

बायोस अपडेट केल्यावर सेव्ह केलेले प्रोफाइल गेले.

जातातच. जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल नव्यात बहुधा चालत नाही, आणि चाललं तरी काही आकड्यांचा अर्थ बदललेला असू शकतो. अपडेटच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो घ्या, नंतर हाताने भरा आणि तासभराची चाचणी पुन्हा करा.